तुझ्या पडवीतली बाई

फिलू, काल तुझी सातव्या दिवसाची मिस्सा झाली. घरी आले आणि आधी मोरीत जाऊन हात धुतले. कपड्याच्या साबणाने धुतले, कोपरापर्यंत. एवढ्या लोकांनी ते हातात घेऊन दाबले होते ना, "कात्रीन, संतीण होती गो तुझी भावजय," असं म्हणत म्हणत. येशूला क्रुसावर देताना हात पिलातानेही धुतले होते म्हणा, पण त्याला अंग काढून घ्यायचं होतं. मला नुसती किळस आली होती.

धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, अंकासाठी तुझ्यावर दोन शब्द लिहून द्या, असं मला सांगितलंय. "चांगलं चांगलं लिहा हं, कात्रीनबाय, वाचताना लोकांना प्रेरणा मिळाली पाहिजे." बरं. लिहिते. तू जन्मलीस कधी, लग्न होऊन आलीस कधी, ते तुझ्या क्रुसावर कोरतील, त्यात मी पडत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तू तर अर्ध्या बोलण्यातून उठून गेलीस. छापायचं की चुलीत घालायचं ते त्यांचं त्यांनी बघावं.

तर काल मिस्सा संपल्यावर जेसिंता टीचर माइकवर गेल्या. म्हणाल्या, "फिलोमिनाताईंनी आपल्या घराचं दार परक्यांसाठी उघडलं. गरिबांसाठी उघडलं. होय, आपल्या वैरिणीसाठीही उघडलं! आपण ख्रिस्त नुसता गातो, फिलोमिनाताई ख्रिस्त जगल्या." लोकांनी माना हलवल्या. तुझी शेजारीण लुसी, तिने तर पदर डोळ्यांना लावला. मी तुझ्या मेल्विनच्या शेजारी पहिल्या बाकावर बसले होते, आणि माझी मान हलली नाही. कारण तू सुमनला घरी आणलीस त्या आठवड्यात हीच टीचर तुझ्या फाटकाबाहेर उभी राहून मला म्हणाली होती, "घर बाटवलं गो हिने. आता आळीची रोझरी हिच्याकडे ठेवायची तरी कशी?"

आणि ठेवलीच नाही. ऑक्टोबरात पवित्र मरियेची मूर्ती आपल्या आळीत घरोघर फिरते, एका घरी एक रात्र राहते. ती लुसीच्या घरून उचलली आणि तुझं घर सोडून थेट पलीकडे नेली. तू फाटकात पेटती मेणबत्ती घेऊन उभी, लुगडं इस्त्रीचं, ओटी शेणाने सारवलेली. पोरीबाळी गात गात तुझ्यासमोरून गेल्या, कोणी वर बघितलं नाही. मी त्यांना अडवायलाच निघाले होते. तू क्रुसाची खूण केलीस, मेणबत्ती फुंकलीस आणि म्हणालीस, "जाऊ दे बाय, तिला माझं घर माहीत आहे."

मला तेव्हा तुझाही राग आला. आता सांगते.

सुमन कोण ते नव्या लोकांना माहीत नसेल. सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुझ्या विश्वासाचं नुसतं तिळगुळासारखं गोड गोड होऊन जाईल. माझा भाऊ बस्त्याव, म्हणजे तुझा नवरा, स्टेशनच्या पूर्वेला कारखान्यात फिटर होता. पाळी संपली की घरी यायच्या ऐवजी तो आचोळ्याला जायला लागला. तिथे एका चाळीत सुमनची खोली. त्याच कारखान्यात पॅकिंगला होती ती, कोकणातून आलेली, मागे ना पुढे कोणी. आधी बस्त्यावचे रविवार चुकायला लागले, मग महिने. मेल्विन तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. केळी, पानवेल, मोगरा, सगळं तू एकटीने बघितलंस. आगाशीच्या बाजारात फुलांची टोपली घेऊन बसलीस. आणि आमचा राजा नाताळला आणि गावच्या सणाला कोट घालून हजर! टेबलाच्या डोक्याशी बसायचा, तू त्याला डुकराच्या मटणाचं इंदल वाढायचीस, तो बोटं चाटायचा. माझा सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, पण त्या बोटांकडे मला बघवायचं नाही. मिस्सेला मागे उभा राहायचा आणि गाण्यात सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

तो गेलाही तिकडेच. तू त्याला आणलास, नीट केलास, आपल्या लोकांत पुरलास. सगळे म्हणाले, शेवटी बायको ती बायकोच. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसली सुटतेस! काही वर्षांनी त्या सुमनचं लकव्याने एक अंग गेलं. खोलीच्या मालकाने तिची गादी बाहेर काढून जिन्याखाली टाकली. चाळीतल्या कोणीतरी तुझा नंबर शोधून फोन केला. तू मला विचारलंस? नाही. मेल्विनला विचारलंस? नाही. टेम्पो ठरवलास आणि घेऊन आलीस.

मी त्या दिवशी तुझ्यासाठी बोंबलाचं कालवण घेऊन आले होते. बघते तर पडवीत माझ्या आईची खाट, आणि खाटेवर एक बाई. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस जटा झालेले, आणि वास. देवा, तो वास! मी नाकाला पदर लावला.

"ही कोण?"

"सुमन."

"कुठली सुमन?"

"बाय, तुला माहीत आहे कुठली."

"आणि इथे काय करते?"

"झोपली आहे. हळू बोल."

मी कालवणाचं भांडं तसंच उचलून घरी परत नेलं. आठवतं? तू मागून हाक मारलीस, "अगं, भांडं तरी ठेव, मी दुपारपासून जेवले नाही." मी नाही ठेवलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. ते कालवण त्या बाईच्या तोंडी लागलं असतं, आणि मी ते तिच्यासाठी केलं नव्हतं.

मेल्विनने तर महिनाभर तुझ्याशी बोलणं टाकलं. वसई रोडला त्याचा फ्लॅट, बायको, पोर. त्याने फोनवर सांगितलं, ती असेपर्यंत मी पायरी चढणार नाही. आणि चढला नाही. दर शनिवारी यायचा, अंगणात स्कूटरवर बसून राहायचा, तू त्याला तिथेच चहा द्यायचीस. मला त्याचं बरोबर वाटत होतं. अजून वाटतं.

मग मीही यायला लागले पुन्हा. काय करणार, तुझ्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण पडवीच्या दारातून नाही, मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. तिथे बसून मी तुला विचारलं होतं, "माफ केलंस तू तिला?"

तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "नाही."

"नाही?"

"नाही जमत. रोज रात्री प्रार्थनेत म्हणते, माफ केलं. सकाळी उठते तर नाही केलेलं."

"मग कशाला करतेस हिचं? देवाला दाखवायला?"

"बाय, ती मला आवडत नाही. तिचा वास मलाही येतो. तिचा चेहरा बघितला की मला तो नाताळ आठवतो, मेल्विनला ताप होता आणि हा मेणबत्त्या विझायच्या आत निघून गेला होता तो. पण ती आवडली पाहिजे असं येशूने कुठे सांगितलंय? प्रेम करा एवढंच सांगितलंय. आवडणं माझ्या हातात नाही. पाणी तापवणं आहे."

मी म्हटलं, "हा ख्रिस्ती धर्म नाही, हा मूर्खपणा आहे." तू म्हणालीस, "असेल." आणि निवडलेले तांदूळ धुवायला घेतलेस. तुझी ही एक वाईट खोड होती. भांडण ऐन रंगात आलं की "असेल" म्हणायचं आणि नळ सोडायचा.

आणि ती सुमन तरी गरीब गाय होती? अंकात कोणी असं लिहील की ती तुझे हात धरून रडायची. तोंडात दात नव्हते धड, पण शिव्या अशा स्पष्ट की आपल्या नाक्यावरचे रिक्षावाले शिकवणीला आले असते. चहात साखर कमी झाली की कप खाली. पाव उशीखाली लपवायची, त्याला बुरशी यायची, मुंग्या यायच्या. पाठीला जखम, ती धुताना तुझ्या हातावर थुंकली होती एकदा. तू हात पुसलास आणि म्हणालीस, "जीभ तरी चालते आहे हिची, बरं आहे." मी दारातून बघत होते, मला उलटी आली. तुला नाही आली?

सगळ्यांत किळसवाणं मला काय वाटलं ते सांगू? जखम नाही, थुंकी नाही. तुम्ही दोघी बस्त्यावच्या कालवणावरून भांडलात ते. तू तिला भात भरवत होतीस. ती घास तोंडात धरून म्हणाली, "चिंच कशाला घातली? त्याला कोकम लागायचं."

"कोण म्हणतं? त्याला चिंच आवडायची. लहानपणापासून."

"माझ्याकडे कोकमच खायचा."

"तुझ्याकडे मिळेल ते खात असेल."

"आणि दाढी करून बसायचा जेवायला. तुझ्याकडे करायचा?"

तू घास तसाच हातात धरून विचारात पडलीस. आणि मग, फिलू, तू हसलीस! म्हणालीस, "नाही गो. माझ्याकडे कोटच घालायचा नुसता." आणि तीही हसली, वाकड्या तोंडाने, भात सांडत. त्या मेल्या माणसाने तुमच्या दोघींची माती केली, आणि तुम्ही त्याच्या आमटीवर हसताय. मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. वाटेत मोठ्याने बोलत होते एकटीच, आगाशीच्या बसमधून उतरलेली माणसं वळून बघत होती.

पण खरं सांगू का, त्या दिवशी माझ्या तोंडातून काय निघत होतं? "ही बाई मला देवासमोर लाजवणार," असं निघत होतं. मला तुझी किळस नव्हती येत. मला माझ्या विश्वासाची यायला लागली होती. माझी मिस्सा कधी चुकली नाही, शुक्रवारचं मटण मी कधी तोंडात घातलं नाही, क्रुसाची वाट गुडघे सुजेपर्यंत केली. आणि तुझ्या पडवीत दोन मिनिटं श्वास घ्यायची ताकद त्यात नव्हती. मग त्या सगळ्याचं काय लोणचं घालायचं?

आता ते पाय धुण्याचं. आपल्याकडे ईस्टरआधीच्या आज्ञा गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात, ओठ लावतात. प्रभूने शिष्यांचे धुतले म्हणून. आणि आपल्या लोकांची तऱ्हा काय? ज्यांचा नंबर लागतो ते आठवडाभर आधीपासून पाय घासतात. वजरीने घासतात, नखं कापतात, तेल लावतात, नवीन मोजे घालून येतात. हल्लीच्या तर पार्लरमध्ये जाऊन येतात. यंदा कमिटीने तुझं नाव काढलं. तुझ्या घरी मूर्ती न नेणाऱ्यांनीच! फादर म्हणाले असतील, त्यांना घ्या. लुसी आणि जेसिंता टीचर सांगायला आल्या तेव्हा मी मागच्या दारी होतेच.

टीचर म्हणाल्या, "पाय जरा स्वच्छ करून या हं, फिलोमिना. फोटो असतो."

तू म्हणालीस, "धुतलेले पाय धुवायला फादर कशाला लागतात?"

"अगं, मान असतो तो."

"मग माझ्याऐवजी सुमनला न्या. मी ढकलखुर्ची मागून आणते. तिचे पाय खरंच धुण्यासारखे आहेत."

लुसीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "फिलू, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही."

"पायांना कुठे लागतो बाप्तिस्मा?"

"आणि ते पाय... फादर ओठ लावणार त्याला!"

"म्हणूनच सांगते."

टीचर एकदम शाळेत असल्यासारख्या झाल्या. "फिलोमिना, पवित्र विधीची चेष्टा नको." आणि गेल्या. तुझ्या जागी टीचरच बसल्या मग. मी पुढून तिसऱ्या बाकावरून बघितलं, गुलाबी टाचा, कापसासारख्या. फादरांनी तांब्यातून पाणी घातलं ते तसंच नितळ खाली परातीत पडलं. आणि तू? तू मागे खांबाजवळ उभी राहून गात होतीस, सूर सोडून, नेहमीसारखी. मला वाटलं होतं तू येणारच नाहीस, रागावून घरी बसशील. मी तशीच बसले असते. बाहेर आल्यावर तुला विचारलं, "तुला राग कसा येत नाही गो?"

"येतो की."

"मग?"

"आला म्हणून मिस्सा सोडू? ती काय टीचरची आहे?"

फिलू, तू संतीण नव्हतीस. हे लोक आता तुला काचेच्या पेटीत घालतील म्हणून मी हे मुद्दाम लिहून ठेवते. रोझरीची माळ चौथ्या रहस्यापर्यंत आली की तुझी मान छातीवर पडायची आणि मी कोपराने ढोसलं की तू भलत्याच ठिकाणी "आमेन" म्हणायचीस. पत्त्यात तू खोटं खेळायचीस. केळ्यांची सुकेळी वाळत घातली की अर्धी तूच खायचीस आणि कावळ्यांवर नाव. माझं बाळंतपण अवघड झालं तेव्हा तू, नवी नवरी, हातातलं चुलीचं काम टाकून अनवाणी सुईणीला आणायला धावलीस, आणि नंतर जन्मभर मला ऐकवलंस की माझ्यामुळे तुझी तळणीतली पहिली फुगी करपली. माझा थोरला त्या दिवशी वाचला. आज तो नातवंडांचा आजा आहे. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले? मानले नसतील. आपल्यात कुठे असतं ते.

आणि आपलं ते शेवटचं भांडण. मी मागच्या पायरीवर बसले होते, तू सुमनच्या चादरी पिळत होतीस. धाप लागत होती तुला. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." म्हणालीस, दाखवते. मी म्हटलं, "दाखवते नाही. उद्या जा. तू आडवी झालीस तर ह्या खाटेचं कोण करणार, ते सांग मला. मेल्विन? लुसी? का तुझी जेसिंता टीचर?" तू चादर हातात धरून माझ्याकडे बघितलंस. तोंड उघडलंस. तेवढ्यात पाववाल्याचा भोंगा वाजला फाटकात, आणि तू "मऊ दे रे, हिला चाववत नाही," असं ओरडत पुढे गेलीस. परत आलीस ती पावांचं बोलत. काय बोलणार होतीस तू? सात दिवस मी तेच शोधते आहे. माझं नाव घेणार होतीस, की नुसतं "असेल" म्हणणार होतीस?

तुला त्यांनी सांगितलं नसेल, तू कशी गेलीस त्याची खरी गोष्ट. सगळे म्हणतात शांतपणे गेली, बावखलाच्या पायरीवर, झोपल्यासारखी. कपडे धुवायला तळ्यावर उतरलीस आणि तिथेच बसलीस, मग कलंडलीस. सुमनला खाटेवरून ते दिसत होतं. ती ओरडायला लागली. जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडली. आणि आळीतल्या लोकांना काय वाटलं? रोजच्या शिव्या चालल्यात. लुसीने मला स्वतः सांगितलं, जणू गंमत सांगावी तशी, "अगं, इतकी किंचाळत होती की मी टीव्हीचा आवाज वाढवला." मग पाववाला आला. फाटकात कोणी येईना म्हणून आत डोकावला, आणि ती बाई चांगल्या हाताने तळ्याकडे बोट करत होती, आवाज बसलेला.

टीव्हीचा आवाज वाढवला. आणि काल पदर डोळ्यांना.

तर काल, मिस्सेनंतर, चर्चच्या आवारात चहा-केक होता. मी मेल्विनला शोधत होते. कोपऱ्यात लुसी, जेसिंता टीचर आणि कमिटीचा तो बुटका सेक्रेटरी उभे होते. मला बघून टीचर म्हणाल्या, "बरं झालं आलात, कात्रीन. त्या बाईचं काहीतरी बघायला हवं."

"काय बघायचं?"

सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, महिन्याच्या मिस्सेपर्यंत घर रिकामं झालं तर बरं. पाहुणे येतील, बाहेरचे फादर येतील. पडवीत ते कसं दिसतं? आश्रमात विचारलं, जागा नाही म्हणतात. तर आम्ही म्हणतो, गाडी करून सरकारी दवाखान्याच्या दारात ठेवून यायचं. ते घेतात. बेवारस असली की घ्यावंच लागतं त्यांना."

"आणि तिने नाव सांगितलं तर?"

"शिव्या सोडल्या तर तिचं बोलणं कळतं कोणाला!" लुसी म्हणाली.

फिलू, माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो ओतला, तिथेच, फरशीवर. मुद्दाम. म्हटलं, "टीचर, आत माइकवर काय म्हणालात ते इथे परत म्हणा. वैरिणीसाठी दार उघडलं, ते. म्हणा की. आता लोकही नाहीत, फोटोही नाही."

टीचरचा चेहरा लाल झाला, पण त्या चिडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "कात्रीन, देवाने प्रत्येकाला वेगळं दान दिलेलं असतं. फिलोमिनाला सेवेचं दान होतं."

"आणि तुम्हाला?"

"मी गायनमंडळात आहे."

मी हसले गो. मोठ्याने हसले, सात दिवसांत पहिल्यांदा. तू असतीस तर तूही हसली असतीस. मग मी म्हटलं, "ती खाट माझ्या आईची आहे. ती पडवी माझ्या बापाची आहे. खाटेला हात लावायचा तर आधी मला उचलून दवाखान्याच्या दारात ठेवा." आणि हे बोलून झाल्यावर मला धस्स झालं. कारण मी खाटेबद्दल बोलले होते, पण खाटेवर कोण आहे ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

मेल्विन मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. स्कूटरवरून मला घरी सोडताना तो म्हणाला, "आत्या, मला सेंटी करू नको प्लीज. त्या बाईमुळे माझे पप्पा मला फक्त ख्रिसमसला दिसायचे. शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांचे पप्पा, माझी मम्मी फुलांची टोपली घेऊन. मी तिला काही करत नाही, हेच खूप आहे."

"खूप आहे," मी म्हटलं. "माझंही तेच आहे."

"मग कोण करणार?"

मी म्हटलं, "पुढे खड्डा आहे, हळू चालव." तुझ्याकडून शिकले.

तू गेल्यावर कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर येत होत्या, पण त्यांची कॉन्व्हेंटातली तपसाधना सुरू झाली, तेवढे दिवस बाहेर पडायचं नाही. नालासोपाऱ्याहून एक बाई ठरवली मेल्विनने, ती एकदा आली, चादर वर करून बघितली आणि चप्पल घालून गेली. लुसी खिडकीच्या गजातून पाव आत सरकवायची, तेवढंच. आज सकाळी मी गेले, आणि पहिल्यांदा पडवीच्या दाराने गेले. फिलू, काय सांगू. तू दोन वर्षं जे रोज काढलंस ते चार दिवस कोणी काढलं नव्हतं. माश्या होत्या. मी तुझ्यासारखी नाही. मी "हे प्रभू, तुझ्यासाठी" वगैरे काही म्हटलं नाही. मी बस्त्यावला शिव्या दिल्या, लुसीला दिल्या, आणि तुलाही दिल्या, की तू हे माझ्या आईच्या खाटेवर मांडून ठेवून गेलीस.

मेल्विन शनिवारचा आलाच होता. मी आतून ओरडले, "पाणी तापव." त्याने बाहेरून घराला वळसा घालून मागच्या दारच्या चुलीवर हंडा चढवला. बादली भरून आणली आणि पायरीवर ठेवली. वर आला नाही. मी म्हटलंही नाही.

सुमनने मला बघून तोंड फिरवलं. जिभेवर शब्द फिरवत फिरवत म्हणाली, "तू नको. फिलू."

"फिलू मेली," मी म्हटलं. मला तसं तोडून बोलायचं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी ओरडले." मग चांगला हात तळ्याकडे करून, "खूप ओरडले."

मी फडकं पिळलं आणि तिच्या पाठीला लावलं. ती कण्हली, मला शिवी दिली, मीही दिली. जखमेपाशी आले आणि मला राहवलं नाही. फडकं टाकलं, धावत केळींच्या मागे गेले आणि सकाळचा चहा, पाव, सगळं बाहेर काढलं. तुझ्या केळींच्या बुंध्याला टेकून उभी राहिले. डोळ्यांतून, नाकातून पाणी. वाटलं, झालं, माझं दान एवढंच. गायनमंडळात जावं.

मेल्विन जवळ आला. मला रुमाल दिला. "बस झालं ना, आत्या? चल, घरी सोडतो."

"बस कसलं? एकच कूस झाली आहे अजून," मी तोंड पुसत म्हटलं. "पाणी गार झालं ते. दुसरं आण."

तो वळला, पायरीवरची बादली उचलली, आणि चुलीकडे जायचा जवळचा रस्ता पडवीतूनच आहे, फिलू, तो पडवीतून गेला.